धुराची वेळ

मळवली स्टेशन सोडलं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला आणि भाजे गाव मागे पडलं की रस्ता मान वर करतो. तिथून गायमुख खिंडीपर्यंत पहिला-दुसरा गिअर सोडायची फारशी सोय नाही. रस्ता अरुंद, वळणं आखूड, आणि समोरून गाडी उतरत असेल तर दोघांपैकी एकाने मागे घ्यायची. खिंडीत पोचलं की एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड आणि पुढ्यात लोहगडवाडी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात लोहगड आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे गर्दी आधीपासूनच व्हायची. त्या गर्दीला आता कौतुकाचं कारणही मिळालं आहे.

येणारे सगळे गडाकडे बघतात. गडाकडे पाठ करून गाड्यांकडे बघत बसलं तर वेगळीच करमणूक होते. नव्या गाड्या मुकाट्याने चढतात आणि मुकाट्याने उतरतात, त्यांच्यात बघण्यासारखं काही नाही. पण मधूनच एखादी मारुती ८००, ओम्नी, जुनी सुमो किंवा बोलेरो येते आणि मागे धुराची रेघ ओढत जाते. ती रेघ चढताना उठली की उतरताना, सुरू करताना की उभं राहिल्यावर, हे नीट पाहिलं तर बॉनेट न उघडता इंजिनाबद्दल बरंच काही कळतं.

या पट्ट्यातले जुने मिस्त्री हेच करतात. कामशेत ते लोणावळा जुन्या महामार्गाच्या कडेने गॅरेजं आहेत, आणि घाटात अडकलेली गाडी शेवटी तिथेच येते. अशाच एका गॅरेजात एक गिऱ्हाईक हात नाचवत सांगत होतं, "मिस्त्री, निळा धूर मारतीय हो, रिंगा गेल्या बहुतेक." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला नाही. म्हणाले, "रंग राहू द्या साहेब. कधी मारते ते सांगा." गिऱ्हाईकाला ते सांगता येईना. मिस्त्री म्हणाले, "मग आज गाडी घेऊन जा. उद्या सकाळी थंड इंजिनाला स्वतः सेल्फ मारा आणि मागे कुणालातरी उभं करा. मग या."

रंगाचं शास्त्र खोटं नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, पांढरा म्हणजे पाणी, निळा म्हणजे ऑइल, हे ड्रायव्हिंग शिकणारा पोरगाही सांगतो. काळ्यात काजळी असते, ती प्रकाश गिळते. पांढऱ्यात पाण्याचे थेंब असतात; ते एवढे मोठे की सगळे रंग सारखेच विखुरतात. निळ्यात अर्धवट जळलेल्या ऑइलचे अतिसूक्ष्म थेंब असतात, आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. आता गंमत बघा. तोच ऑइलचा धूर विसापूरच्या काळ्या कड्यासमोर धरला तर निळसर दिसतो आणि उजळ आकाशासमोर धरला तर पिवळट-तपकिरी. बघणारा कुठे उभा आहे यावर रंग ठरतो. वर घाटात धुकं असलं तर सगळंच राखाडी. म्हणजे लोहगडवाडीत नुसत्या रंगावरून निदान करणं म्हणजे ढगाकडे बघून शेत विकण्यासारखं आहे.

पांढऱ्याने तर कित्येकांची झोप उडते. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन न दिसता निघून जातं. डिसेंबरातल्या सकाळी किंवा जुलैच्या ओलसर गारव्यात सायलेन्सर थंड असतो, वाफेचे तिथेच थेंब होतात, आणि मागे पांढरा लोट दिसतो. पाच-दहा मिनिटांत सायलेन्सर तापला की तो थांबतो. थांबला तर गाडी शहाणी आहे, तुम्हीही शहाणे व्हा. इंजिन तापल्यावरही लोट चालू राहिला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होऊ लागलं, तर मात्र हेड गॅस्केटकडे बोट जातं. घाटात हे नेहमीचं. कूलंटऐवजी नळाचं पाणी भरून गाडी दामटायची, ती उकळायची, ॲल्युमिनियमचं हेड वाकायचं, आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरायचं. हेड उतरवून फेसिंग केल्याशिवाय यातून सुटका नाही.

आता वेळेकडे येऊ.

लोहगडवाडीत रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली. पहिल्या सेल्फला निळ्या धुराचा एक भपका आला, आणि मिनिटा-दोन मिनिटांत सगळं साफ. दिवसभर पुन्हा काही नाही. हे लक्षण व्हॉल्व्ह सीलचं. इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्हच्या दांड्या गाईडमधून वर-खाली होतात. तिथल्या ऑइलने खाली उतरू नये म्हणून प्रत्येक दांडीवर रबराची छोटी टोपी असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होतं आणि पकड सोडतं. मग रात्रभर ऑइल थेंब थेंब खाली झिरपतं, व्हॉल्व्हवर किंवा पिस्टनच्या डोक्यावर साचतं आणि सकाळी एकदम जळतं.

दुसरी वेळ चढाची. भाज्यातून वर येताना ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर, जोर काढला की कमी. इथे संशय रिंगांवर जातो. पिस्टनला साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात आणि खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. इंग्लंडमधल्या जॉन रॅम्सबॉटमने १८५२ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी ही चिरलेली, स्वतःच्या स्प्रिंगने फाकणारी धातूची रिंग आणली. कल्पना अजून तीच आहे. रिंगा झिजल्या, कार्बनने खाचेत चिकटल्या किंवा बोअरच लांबट झाला, की जळणारा गॅस खाली उतरतो आणि ऑइल वर येतं. लोड जेवढा जास्त तेवढा हा प्रकार जास्त.

तिसरी वेळ उताराची. ती सगळ्यात बोलकी, आणि सपाटीवर राहणाऱ्यांना तिचा पत्ताच नसतो. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला टाकून, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून लोहगडवाडीवरून खाली सोडली, की पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असतो आणि चाकं इंजिनाला फिरवत असतात. पिस्टन हवा ओढू पाहतो, हवा मिळत नाही. इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेच्या पाव हिश्श्याच्या आसपास उतरतो. एवढी ओढ असली की कडक झालेल्या सीलमधून, सैल झालेल्या गाईडमधून ऑइल खेचलं जातं. उतरताना ते फारसं जळतही नाही, नुसतं साचत राहतं. खाली भाज्याच्या सपाटीला आल्यावर ड्रायव्हर पाय देतो, आणि मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर निळा ढग. मुंबईत गाडी तपासणाऱ्याला हा ढग मुद्दाम काही युक्ती करून काढावा लागतो. इथे घाट तो फुकट दाखवतो.

एक सावधगिरी. उतारातली ही ओढ सिलिंडरमध्येही असते, त्यामुळे खालची ऑइल रिंग गेली असेल तरी असाच ढग येऊ शकतो. म्हणून एकाच वेळेवर विसंबायचं नाही. सकाळचा भपका अधिक उतारानंतरचा ढग, पण चढावर साफ, तर सीलवर बोट ठेवावं. चढावरही आहे, उतारावरही आहे आणि ऑइल झपाट्याने संपतं, तर रिंगा. डिझेलची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या डिझेल इंजिनात हवेला अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे उतारात तशी ओढही नसते. सुमो-बोलेरोचा उतारानंतरचा धूर पेट्रोल गाडीच्या हिशोबाने वाचला तर चूक होणारच. तिथे चढावरचा काळा धूर आधी बघायचा: एअर फिल्टर चोक आहे का, नोझल फवारा मारतात की नुसते गळतात, पंप कुणी वाढवून ठेवलाय का. पिकअप वाढवण्यासाठी पंपाचं डिझेल वाढवून देणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. टर्बो असलेल्या डिझेलने निळा धूर मारायला सुरुवात केली तर तो टर्बोच्या सीलकडून येणाऱ्या ऑइलचा असू शकतो. असं इंजिन कधी कधी स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा ब्रेक घट्ट दाबून गाडी वरच्या गिअरला टाकायची आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडायचं, एवढं घाटात डिझेल चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं.

गॅरेजात मिस्त्री पहिल्यांदा काय बघतात? चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण. ते सैल करून तळहात अलगद वर धरतात. हाताला हलका श्वास लागला तर ठीक. ठोक ठोक भपके बसले, झाकण उडू पाहू लागलं किंवा धूर वर आला, तर खाली गॅस उतरतोय, म्हणजे रिंगा. पण त्याआधी हा गॅस बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह चोक नाहीत ना, ते बघायचं. वीस-तीस रुपयांच्या नळीतल्या गाळामुळे अख्खं इंजिन खोलल्याचे किस्से याच पट्ट्यात ऐकायला मिळतात. झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीच्या रंगाची साय लागलेली दिसली की गिऱ्हाईक घाबरतं, हेड गॅस्केट गेलं म्हणून. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहून फक्त चिक्की आणायला बाजारात जाणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली ही साय जमतेच. इंजिन पूर्ण तापत नाही, आतला दमटपणा बाहेर निघत नाही. गेजच्या पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर गाडी एकदा कार्ल्यापासून तळेगावपर्यंत नेऊन आणा आणि मग बघा.

मग प्लग. चारही, किंवा ८००चे तीनही, काढून क्रमाने फडक्यावर मांडायचे. फिकट तपकिरी म्हणजे जळण नीट. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर, काळं, बोटाला तुकतुकीत लागणारं म्हणजे त्या सिलिंडरला ऑइल येतंय. तीनांत एकच प्लग ओला असेल तर शोध निम्मा झाला.

त्यानंतर कॉम्प्रेशन गेज. इंजिन तापलेलं, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी टवटवीत, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच सेल्फ. समजा दोन सिलिंडर १२ किलो दाखवतात आणि तिसरा ८. त्या तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आणि पुन्हा बघायचं. आकडा ११ वर चढला तर रिंगा, कारण ऑइलने फटी तात्पुरत्या बुजवल्या. जागचा हललाच नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅस्केट गळतंय. इथे दोन गोष्टी फार जण विसरतात. पहिली, लोणावळ्याची उंची सहाशे मीटरच्या वर आहे, हवा विरळ आहे, म्हणून निरोगी इंजिनही मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी आकडा दाखवतं. पुस्तकातल्या आकड्याशी भांडण्यापेक्षा सिलिंडरांचा आपापसातला फरक बघावा. दुसरी, कॉम्प्रेशन उत्तम आणि तरी गाडी ऑइल खाते, असं होऊ शकतं. दाब वरच्या रिंगा धरतात, ऑइल खालची आवरते. खालची चिकटली तर गेजला पत्ता लागत नाही.

गाडी किती ऑइल खाते, हेही मालक अंदाजपंचे सांगतात. हे मोजायला लागतं सपाट जमीन, आणि लोहगडवाडीत तीच मिळत नाही. उतारावर उभ्या गाडीची पट्टी खोटं बोलते. कधी कमी दाखवते, कधी जास्त. कमी दाखवली की मालक घाईने अर्धा लिटर ओततो. जादा भरलेलं ऑइल क्रँक घुसळून काढतो, त्याचा फेस होतो, ब्रीदरमधून ते इनटेकमध्ये जातं, आणि काल धूर न मारणारी गाडी आज धूर मारते. ऑइल कमी झाल्याच्या भीतीने ओतलेलं ऑइलच जळत असतं! युरोपातल्या काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल लागणं चालेल असं लिहिलेलं सापडतं. आपल्या मिस्त्रींना हे सांगितलं तर ते हसतात, पण जुन्या इंजिनाने हजार किलोमीटरला दोन-तीनशे मिली खाल्लं म्हणून लगेच इंजिन खोलू नये, हे तेही मान्य करतात.

या पट्ट्यातल्या घाटांना आजारी इंजिनं नवी नाहीत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला तेव्हा बैलांचा दम निघायचा. मोटारी आल्या तेव्हा त्यांचा. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला होईपर्यंत खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली फियाट हा प्रवासाचाच भाग होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेली ती १०८९ सीसीची गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. त्या काळी डिकीत ऑइलचा डबा ठेवणं ही मालकाची बदनामी नव्हती, शहाणपण होतं. त्यातून पुणं म्हणजे टू-स्ट्रोक स्कूटरचं आणि रिक्षाचं शहर. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं म्हटल्यावर निळा धूर निघणारच. रोज सिग्नलला तो छातीत भरून वाढलेल्या आमच्या पिढीला गाडी निळा धूर मारते म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे पटायलाच वेळ लागला.

कायद्यालाही अजून पुरतं पटलेलं नाही, असं माझं मत. पीयूसीची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११५ खाली होते. पेट्रोल गाडीची तपासणी मुख्यतः उभ्या गाडीला, आयडलवर, आणि मोजायचं काय तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन. भारत स्टेज-४ च्या गाडीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, फार जुन्या गाडीला ३ टक्के आणि १५०० पीपीएम. धूर किती दाट, हे पेट्रोलमध्ये मोजतच नाहीत, ते डिझेलला. म्हणजे लोहगडवाडीच्या उतारानंतर रस्ता झाकून टाकणारी ८०० मळवलीत आयडलवर शांतपणे पास होऊन कागद घेऊन येऊ शकते. शिवाय १ एप्रिल १९९५ पासून आधी चार महानगरांत सक्तीचा झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ज्या गाड्यांना आहे, त्यांत तो थोडं ऑइल गुपचूप जाळून टाकतो. धूर दिसत नाही, पट्टी खाली जाते, आणि ऑइलमधलं फॉस्फरस कन्व्हर्टरलाच हळूहळू मारतं. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला गाडी नेली, पर्यावरण कर भरला, तरी इंजिनाचा हा आजार कुठल्याच खिडकीवर कुणी विचारत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने तरी विचारावा. विकणारा गाडी दाखवण्याआधी इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे सीलचा सकाळचा भपका उडून गेलेला असतो. घट्ट ऑइल किंवा डब्यातलं औषध ओतून ठेवतो, म्हणजे धूर आठ-पंधरा दिवस दबतो. म्हणून बॉनेटला हात लावून बघायचा. गरम लागला तर चहा पिऊन नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचं. आणि चाचणी सपाटीवर घ्यायची नाही. सोबत एक माणूस मागच्या गाडीत बसवून घाट चढायचा, गिअरमध्ये उतरायचा आणि खाली आल्यावर जोरात पाय द्यायचा.

निदान पक्कं झालं की खर्चाचा फरक कळतो. सीलचं सामान शेकड्यांत येतं. हात बसलेला मिस्त्री हेड न उतरवताही ते बदलतो: प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ठेवतो, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. रिंगांचं काम काढलं की मात्र ते हजारांत जातं. इंजिन उतरवा, लेथवाल्याकडे बोअर मोजायला द्या. बोअर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या रिंगेच्या टप्प्यावर. तिथे बोटाच्या नखाला अडकणारा काठ पडतो. तो काठ आणि लांबटपणा हद्दीत असेल तर होनिंग करून नव्या रिंगा. नसेल तर बोअर वाढवून पॉइंट पंचवीस किंवा पॉइंट पन्नास ओव्हरसाइज पिस्टन. बोअर न मोजता नुसत्या रिंगा बदलून देणाऱ्याकडून गाडी घेतलीत, तर सहा महिन्यांनी तोच धूर आणि तोच मिस्त्री.

नव्या रिंगा बसवल्यावर गाडी लाडाने, हळूहळू चालवावी असा समज आहे, तो चुकीचा. रिंगा बोअरला बसतात त्या दाबाने. थोडा जोर, मग पाय काढून गिअरमध्ये उतरणं, पुन्हा जोर. दुधिवरे खिंडीचा रस्ता या कामाला चांगला आहे. एकसारख्या वेगाने तासभर चालवायचा द्रुतगती मार्ग नाही. हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि तोवर दर दोनशेला पट्टी बघायची. लोहगडवाडीतल्या गाडीवाल्यांना मिस्त्री त्यासाठी खाली हायवेच्या पेट्रोल पंपावर यायला सांगतात. तिथली फरशी सपाट आहे.